साडेनऊ हजारांत बसेल अशी

दुधाच्या डायरीच्या मागच्या पानावर
मी बेरीज मांडली, श्रेणिकनं खोडली, मी पुन्हा मांडली.
घराचा हप्ता, आर्जवची फी, सासूबाईंच्या गुडघ्यांचं औषध,
गॅस, भिशी.
उरले साडेनऊ हजार.
पेट्रोल त्यात धरायचं की वेगळं,
यावरून आम्ही दोन दिवस बोललो नाही.

जुनी चौदा वर्षांची. एसी लागतो, पण फक्त उतारावर.
मागचं डावं दार आतून उघडत नाही,
म्हणून आर्जव शाळेच्या फाटकापाशी
राजपुत्रासारखा बसून राहतो
कुणीतरी बाहेरून उघडेपर्यंत.
उद्यमनगरात मुजावरमामांनी बॉनेट लावलं,
हात पुसत म्हणाले,
"वहिनी, हिला आता औषध नको. निरोप द्या."

मग रविवार, आणि शोरूम.
एकात सरबत मिळालं, एकात आर्जवला फुगा.
तिसऱ्यातला पोरगा म्हणाला, "मॅडम, हिचं छत उघडतंय."
उघडून काय करू?
"पन्हाळ्याला जाताना आभाळ बघायचं."
आभाळाचे महिन्याला सतराशे जादा.
श्रेणिकनं मोबाइलवर हिशेब केला
आणि आभाळ परत केलं.

सासूबाई गाडी बघतच नव्हत्या, सीट बघत होत्या.
पाठ करून आधी टेकायचं,
पदर सावरायचा, मग एकेक पाय आत.
"ही खोल हाय. हिरीत उतरल्यागत."
"ही उंच. शिडी कुठं हाय?"
चौथ्या दुकानात बसल्या त्या उठेचनात.
"आता बाहुबलीपतोर न्या. मी हितंच बसते."
सेल्समन हसला, त्याला वाटलं सौदा झाला.
किंमत ऐकल्यावर स्वतःच उतरल्या,
गुडघ्यांना कळू न देता.

श्रेणिकला ॲव्हरेज हवं होतं.
आर्जवला कप ठेवायच्या दोन जागा,
कारण एकीत तो दगड ठेवणार होता.
मला काय हवं ते कुणी विचारलं नाही,
मीही लिहिलं नाही.
मजा असा रकाना दुधाच्या डायरीत नसतो.

पण चालवते मी.
मेरी वेदरच्या मैदानाभोवती गिअर अडकवत शिकले,
श्रेणिक शेजारी बसून पायानं हवेत ब्रेक दाबायचा.
गगनबावड्याच्या घाटात
तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेताना इंजिन घसा खाकरतं,
तेवढा वेळ मला स्वतःचं नाव आठवत नाही.
वळण तेवढं आठवतं.

शेवटी कावळा नाक्यापाशी, एका रिटायर मास्तरांची,
चार वर्षं वापरलेली.
रंग विटकरी. रंगामुळंच खपत नव्हती.
सीट ना हीर ना शिडी.
हप्ता नऊ हजार दोनशे.
ट्रायलला मी उजळाईवाडीच्या चढाला घातली.
श्रेणिक म्हणाला, सावकाश, आपली नाही अजून.
मी सावकाश घेतली.
तेव्हा मागून सासूबाई, खिडकीची काच खाली करून,
"जरा पळीव की गं."

श्रेणिकनं काट्याकडं बघितलं. मग बाहेर उसाकडं.
बोलला काही नाही.

जुनीचे एक्केचाळीस हजार आले.
न्यायला आलेल्या माणसाला डाव्या दाराचं
आर्जवनंच समजावून सांगितलं,
बाहेरून कसं, किती जोर, कुठं बुक्की.
तो गेल्यावर जागेवर तेलाचा डाग होता,
सासूबाईंनी त्यावर राख टाकली.

तीनशे उरतात महिन्याला.
पेट्रोल त्यात धरलेलं नाही, हे आता कुणी काढत नाही.
कपाच्या जागेत दगड आहे.
खडखडतो.
वळणावर जास्त.