लक्षात ठेवू का?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात,
मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता
जो कुणी बंद करत नसे.
रात्री जाताना नुसता पडदा मिटायचा,
वर टॉवेल टाकायचो आम्ही, सेकंड क्वालिटीचा,
कडेला एक धागा सुटलेला.

सकाळी त्याच्यावर झेड ड्राइव्ह उघडायचा, काही न विचारता.
झेडमध्ये सगळं. कमळ बॉर्डर, जोडमोर,
जर्मनीच्या हॉटेलची ऑर्डर, तीनदा बदललेली,
आणि ‘शेवटचं खरंच शेवटचं’ नावाचा एक फोल्डर.

मार्चमध्ये माझ्यासाठी नवा कॉम्प्युटर आला.
त्यानं झेडच्या उंबऱ्यातच अडवलं.
नाव सांगा. पासवर्ड सांगा.
नाव होतं.
पासवर्ड गुंडेटीमामांनी टाकला होता, एकदाच,
आणि खालच्या चौकोनात खूण केली होती:
लक्षात ठेव.
मग ते रिटायर झाले. खूण राहिली.

जाकीर नदाफ आला. बॅगही न उघडता म्हणाला,
"जुन्यात आहे की मॅडम. पण ते सांगणार नाही.
त्याला माहितेय, नुसतं सांगता येत नाही."
पडद्यावर काळे ठिपके, एका ओळीत.
मी मोजायला लागले तर म्हणाला,
"मोजू नका. तेवढीच अक्षरं असतील असं काय नाय.
ठिपकेबी खोटं बोलतेत."

मामांनी पहिल्याच आठवड्यात
जकार्डची पुठ्ठी दिली होती माझ्या हातात,
दोरीनं ओवलेली, भोकाभोकांची.
भोक तिथं धागा उचलतो, भोक नाही तिथं गप बसतो.
डोळे मिटून अंगठा फिरवायचे
आणि सांगायचे, हितनं मोराची मान वळली.
मीही फिरवला अंगठा, ठिपक्यांवरून.
काच कोमट होती. एवढंच कळलं.

रविवारी नीलमनगरला गेले.
मामा बाजेवर. सून दारात विड्या वळत बसलेली,
सुपात तेंदूची पानं, बोटं थांबत नव्हती.
"मामा, झेडचा पासवर्ड?"
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"मर्चिपोयिना, बिड्डा," म्हणाले. विसरलो गं पोरी.
"रोज टाकला असता तर बोटांत राहिला असता.
तुमच्या मशीननं विचारलं, लक्षात ठेवू का?
मी म्हटलं, ठेव बाई."
सून मान वर न करता म्हणाली,
"मार्कंडेय असेल."
"देवाचं नाव कशाला देऊ मशीनला," मामा चिडले,
मग हसले, मग पुन्हा पंख्याकडे.
निघताना कडक भाकऱ्या बांधून दिल्या, चटणीसकट.

शेवटी जाकीरनंच केलं, जुन्यावरूनच, दोन दिवस बसून.
हळूहळू आले मोर, एका चहात चार-पाच.
त्रेचाळीस डिग्रीत खोलीतला कूलर
झेडच्या डब्याकडे तोंड करून ठेवला,
आम्ही घामात.
मग जुना कॉम्प्युटर गेला भंगारात, किलोवर.
तो शब्द आतच होता.
वजनात धरला नाही कुणी.

नव्या झेडचा पासवर्ड मी ठेवला.
काय ते इथं लिहीत नाही.
रोज सकाळी खाली तोच चौकोन,
लक्षात ठेवू का?
मी रिकामा सोडते.
शेठ म्हणतात, वेळ जातो.
जातो.

गड्ड्याच्या जत्रेनंतर, चार दिवसांच्या सुट्टीवरून,
खुर्चीत बसले आणि काहीच आठवेना.
पहिलं अक्षरसुद्धा नाही.
बाहेर शेडमध्ये माग सुरू झाले, एकामागून एक,
जमीन थरथरायला लागली, नेहमीसारखी.
मी पडद्याकडे बघणं सोडलं.
बोटं ठेवली नुसती.
गेली.