टंच किती

लक्ष्मीपुरीतलं आमचं दुकान, दुपारचे तीन.
राजमतीअक्का मगदूम काउंटरवर दोन डबे मांडतात,
तागडीच्या दोन पारड्यांत ठेवावेत तसे, एकाच वेळी, हलक्या हाताने.
एक डॉक्टरांनी लिहून दिलेला.
दुसरा जावेने पुण्याहून धाडलेला.
"यास्मिन, ह्यातलं खरं कुठलं?"

हुपरीच्या गाडीने आल्यात, उभ्याने.
बेचाळीस वर्षं पाटावर बसून
पैंजणाला एकेक घुंगरू डागलंय,
उजवा गुडघा वर, डावा मुडपून खाली,
आणि आता उठताना डावा वाजतो.
"फुटकं घुंगरू वाजतंय बघ तसं.
नाद न्हाई. नुसता आवाज."

मी सांगते. ह्यात ग्लुकोसामाइन.
सांध्यातली कूर्चा झिजली की ती बांधायला माल पुरवतं म्हणे.
ह्यात कॉन्ड्रॉइटिन. ते त्या कूर्चेत पाणी धरून ठेवतं म्हणे,
सुकू देत नाही.

अक्कांना माझं 'म्हणे' तेवढं ऐकू येतं.
"म्हंजे टंच किती?"

मी डबा फिरवून वाचते: सातशे पन्नास मिलिग्रॅम, इकडे चारशे.
त्या हाताने उडवून लावतात.
"ते वजन झालं गं. मी टंच विचारला."

मग खरं बोलावं लागतं.
की कुणाला तीन महिन्यांनी जिना चढवतो,
कुणाला खडूच्या खोट्या गोळीनेही तेवढाच चढवतो,
मोठमोठ्या परीक्षा झाल्या, हजार हजार गुडघ्यांच्या,
पण दोघांपैकी कुणाचीच रेघ
कसोटीवर स्वच्छ उमटलेली नाही.

मागे मालक खोकतात.
त्या खोकल्यात बावीस टक्के मार्जिन आहे.

आणि अजून एक राहिलंय.
पाणी गाळून पिणारी बाई.
दिवस मावळायच्या आत ताट धुऊन पालथं घालणारी.
संध्याकाळची गोळीसुद्धा
साडेपाचलाच घेत असणार.

"अक्का, हे खेकड्याच्या कवचातनं काढतात. कोळंबीच्या.
आणि हे जनावराच्या श्वासनळीतनं."

डब्यावरचा हात मागे जातो.
रागाने नाही. तापलेल्या मुशीवरून जातो तसा.
"सात दिस झालं खातीया मी," एवढंच म्हणतात,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतात,
त्यातले नेमके कुठले सात, ते मोजत असल्यागत.

मी त्यांना कसं सांगू,
आमचे अब्बा प्रत्येक कॅप्सूल खिडकीच्या उजेडात धरून
विचारतात, बेटा, हे वरचं कातडं कशाचं?
आणि मी, डी.फार्म., पहिला वर्ग,
म्हणते, बघून सांगते.
छपाई इतकी बारीक असते
की देव कुठलाही असो, चष्मा लागतोच.

"मक्यापासनं केलेलं पण मिळतं. मागवावं लागेल. जरा महाग."
"त्याचा टंच?"
"तेवढाच."

अक्का हसतात, आल्यापासून पहिल्यांदा.
"मग पाटच उंच करून घेते की सुताराकडनं.
माझा तो इतभर पाट सासूचा हाय,
तिला कुठं गुडघं व्हतं? चाळिशीतच गेली बिचारी."

काउंटरला धरून वळतात. कट्.
दोघी ऐकतो.
अक्का मान किंचित वाकडी करतात,
माल परत करायचा की पुढे पाठवायचा हे ठरवताना करत असतील तशी.
काही बोलत नाहीत.

जावेचा डबा तिथेच राहिला,
आतल्या पट्ट्यांना चौदा फुटक्या खिडक्या.
मालक डॉक्टरांचा डबा फडक्याने पुसून पुन्हा फळीवर लावतात.

पायरीवरून अक्का परत येतात.
"त्ये गुडघ्याला गुंडाळायचं द्या एक.
कापसाचंच असतंय न्हवं?"

मी पाकीट उलटं करते.
खिशातला चष्मा काढते.