वाइंडिंगच्या दुकानात सहा गिटारी

शनिवारी नऊ वाजले की अश्फाक शटर अर्धं ओढतो.
आत उघडे पंप, पंख्यांची पोटं, तांब्याच्या तारेची रिळं,
नाकात बसणारं वार्निश,
आणि पोती अंथरून आम्ही.
जामनेर रोडवरचं हे दुकान
दिवसा जळालेल्या मोटारी घेतं,
रात्री आम्हाला.

पहिल्यांदा आलो तेव्हा
मी आधी गिटारीची किंमत सांगितली.
कुंदाताई म्हणाल्या, सुरात आहे का?
मी म्हटलं, नवीच आहे.
सगळे हसले.
त्या हसण्यात मला टेकायला जागा होती,
म्हणून परत आलो.

दोन महिने वाजवू दिलं नाही.
लाव, म्हणाले. उतरव. परत लाव.
सुराकडे खालून चढत जायचं,
पुढे गेलास तर पार उतर, मग चढ.
वरून खाली सरकवलेली तार
दोन मिनिटं खरं बोलते, मग फिरते.
हे मुबारक तडवीनं शिकवलं.
तो सावद्याहून येतो, दिवसभर केळीचे घड वाहतो.
बोटांवरचा चिकाचा डाग
साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही,
आणि त्याच्या गिटारीची मान
अंगठा टेकतो तेवढीच काळी आहे.

मग एफ.
तर्जनी आडवी, सहाही तारा एका दाबात.
माझा एफ म्हणजे पत्र्यावर सांडलेले हरभरे.
माझी बोटंच आखूड, मी म्हणालो,
महिनाभर म्हणत राहिलो.
कुंदाताई काही बोलल्या नाहीत.
चौथ्या महिन्यात उजेड नीट पडला तेव्हा दिसलं,
त्यांच्या डाव्या अनामिकेला वरचं पेर नाही.
कडबाकुट्टीत गेलं, म्हणाल्या, लहानपणी,
आणि पुढचं कडवं धरलं.

मे महिन्यात भुसावळ शेहेचाळीसवर गेलं
आणि माझ्या महागड्या गिटारीचा ब्रिज
पापडासारखा उचलला.
घरी कुणाला सांगितलं नाही, इथं आणून ठेवली.
अश्फाकनं सरस लावला, शिकंजा आवळला,
वर कुणाच्या तरी बोअरवेलची मोटार ठेवली.
तीन दिवस हात लावू नको.
‘अन् भो, इथं राह्यचं तर
लाकडाले माठाजवळ निजवत जाय.’
तेव्हापासून ती स्वयंपाकघरात असते.
बायको पाणी घेताना तिला वळसा घालते.

मेल्विन काकांना ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं इंजिन चालवलं, कान तिकडेच राहिले.
ते गिटारीच्या काठावर जबडा टेकवतात,
डोळे मिटतात, खुंटी फिरवतात,
आणि आमच्या सहाही गिटारी
त्यांच्या हाडाला विचारून सुरात येतात.
एकदा लाईट गेली.
अंधारात आम्ही सगळे एकच जी वाजवत राहिलो,
उगाच, कुणी थांबेना.
काकांनी हात वर केला, तळवा फरशीवर ठेवला.
कोळसा, म्हणाले. दोन इंजिनं. दीपनगरला.
आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.
बऱ्याच वेळानं आलं.

दोन वर्षं झाली, मला अजून
एक अख्खं गाणं येत नाही.
पाहुणे म्हणतात, वाजव की काहीतरी.
मी तारा लावून दाखवतो.
त्यांना ते वाजवणं वाटत नाही.

परवा एक पोरगा आला, फैजपूरचा, दहावीतला.
त्यानंही आधी किंमत सांगितली:
तीनशे, भंगारातून.
तारा तीनच.
माझ्या तोंडावर आलेला प्रश्न मी गिळला.
अश्फाक वर बघत होता,
रिळांच्या फळीकडे.
तांबं नाही चालत, काका म्हणाले,
कुणी काही विचारलं नव्हतं.
तरी अश्फाकनं एक रीळ काढलं,
हातभर तार सोडली,
दातांत धरली,
आणि पोराला म्हणाला, धर दुसरं टोक.