चारशे बारा दिवस

स्नेहलतागंजातला डोळ्यांचा दवाखाना, तळघर,
रात्रीचा दीड.
दोन सर्व्हर, दोघांत मिळून एक डिस्क.
पहिला म्हणतो, तीन भाग आहेत :
पेशंटांच्या नोंदी, पडद्याचे फोटो, बिलं.
दुसरा म्हणतो, डिस्क आहे. भाग नाहीत.
त्याच्या मते सगळं कोरं,
घडी न मोडलेल्या कापडासारखं.

मुर्तझाभाई रंगवाला प्लास्टिकच्या स्टुलावर.
येताना लवंगेची शेव आणलीय,
पुडा उघडत नाहीत.
सकाळी आठला बेचाळीस मोतीबिंदू.
"बेटा, फोटो गये क्या?"
गेले नाहीत, दिसत नाहीयेत, मी म्हणते.
वीस वर्षं या दवाखान्यात काढलेल्या माणसाला
हा फरक समजावून सांगावा लागत नाही.
मान हलवतात.
तरी पुडा मांडीवर तसाच.

स्क्रीनवर फार सभ्य प्रश्न :
डिस्क रिकामी दिसते. नव्याने मांडू का?
'हो' आधीच निळं होऊन बसलेलं.
मी की-बोर्ड उचलते
आणि लहान मुलाच्या हातातली कात्री ठेवावी
तसा वर, कपाटावर ठेवते.

मग पुण्याचा फोन.
निनाद कुलथे, कंपनीचा, रात्रपाळी.
हिंदीत सुरुवात करतो. मी आडनाव सांगते, पोतनीस,
तसा थबकतो. "अरे, तुम्ही मराठी?"
"हो नं. दुसऱ्याला भाग दिसूनच नाही राहिले."
पलीकडे हसू दाबलेलं,
चांगल्या घरचं हसू.
"दिसून नाही राहिले," तो हळूच म्हणतो,
चव घेऊन बघितल्यासारखं.

नावावर जाऊ नका, तो सांगतो,
इकडची बी तिकडे डी असेल.
(माहेरची उल्का सासरी वासंती, माझ्या मनात.)
खालचा लांब नंबर जुळवा.
मी बत्तीस अक्षरं मोठ्याने वाचते,
मुर्तझाभाई कागदावर एकेक बोट पुढे सरकवतात,
तसबीचे मणी ओढल्यासारखे.
जुळतात. शेवटचा सातसुद्धा.

"दुसरा शेवटचा बंद कधी केला होता?"
बघते. चारशे बारा दिवस.
अभिमान होता मला त्या आकड्याचा.
दिवाळीत त्याचा फोटो काढून भावाला पाठवला होता.
"आणि भाग कधी पाडले?"
गुरुवारी. पहिल्यावरून.
मीच.

म्हणजे गुरुवारी बांध पडले
आणि हा शेजारीच उभा, टक्क जागा,
डोक्यात बुधवारचा नकाशा.
त्याला कुणी सांगितलंच नाही.
चार दिवस तो बिचारा खरंच बोलत होता,
फक्त जुनं.

"डिस्कला हात लावू नका. त्याला म्हणा, पुन्हा वाच."

कपाटावरून की-बोर्ड खाली.
एक ओळ. एंटर.
आवाज काहीच नाही, पंखे होते तसेच.
मग यादीत एक, दोन, तीन,
जणू केव्हाचे होते.
होतेच.

पुडा उघडल्याचा आवाज मात्र मोठा होतो.

फोन ठेवता ठेवता निनाद विचारतो,
"तुमचे लोक तिकडे गेले कधी?"
मी बोटांवर पिढ्या मोजते, सहाव्याला चुकते.
लई दिवस झाले, म्हणते,
मधे कुणी बंद करून चालू नाही केलं आम्हाला.
या खेपेला तो मोकळा हसतो.
मी पण. थोडं उशिरा.

वर रस्ता झाडणारी गाडी गेली, तळघराची काच थरथरली.
शेवेच्या तेलकट बोटांनी
मी दुसऱ्याच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली :
भाग पाडल्यास यालाही सांगणे.
खाली हिंदीतही लिहिलं,
रामरतन चौकसेसाठी,
तो भाग पाडत नाही,
पण पहाटे धूळ पुसताना
सगळं वाचतो.