पोपडे

माजी सैनिकाला सरकारची हमी आहे,
डाउन पेमेंट शून्य,
फक्त मागच्या दाराचे पोपडे खरवडा,
म्हणाला तपासनीस
आणि दुलुथच्या वाऱ्यात टोपी धरत निघून गेला.

घर अजून निस्कानेनबाईंचं.
तरी शनिवारी मी खरवडणी घेऊन गुडघ्यांवर.
पांढऱ्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा,
त्याखाली उघड्या लाकडावर
पेन्सिलीनं ओढलेल्या उंचीच्या रेघा:
आर्वो, सहा वर्षं. आर्वो, नऊ.
अठरानंतर रेघ नाही.

बाई कॉफी घेऊन आल्या.
रेघांकडे पाहिलं,
माझ्या बुटांकडे पाहिलं.
"तेवढी फळी राहू दे."

कागदावर मात्र लिहिलंय: सर्व पृष्ठभाग.

मी फळीच उचकटली,
त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी ठेवली,
नवी ठोकली.
पहिला हप्ता अजून दीड महिना लांब होता.