दुसऱ्या गियरात

कन्नड मागे पडलं की पठाराच्या कडेला
हिलाल आप्पा गाडी बाजूला घ्यायचा,
चहा नको असला तरी.
मी टॉमीने दहाही टायर वाजवायचो,
तो हवेच्या काट्याकडे बघत बसायचा.
काटा चढेपर्यंत विडी पेटवायची नाही.

'घाटात शिरण्याआधी गियर तू ठरव,
शिरल्यावर घाट ठरवतो.'
एवढं एकच वाक्य तो शुद्ध बोलायचा.
बाकी सगळं अहिराणीत.

त्या रात्री मक्याची सोळा टन पोती,
डिसेंबर,
धुकं असं की आमचेच दिवे
बोनेटपुढे भिंत होऊन उभे.
दुसरा गियर. इंजिन कण्हत होतं
आणि मी एकोणीस वर्षांचा,
मला त्या कण्हण्याची लाज वाटत होती,
मागचे जीपवाले हॉर्न मारत होते.
"आप्पा, तिसरा टाका ना."

"बोंबलू दे तिले.
बोंबलस तवलोंग ती आपली शे.
गप बसनी का डोंगरनी व्हई गयी."

ब्रेकला तो वागवायचा
शेजारून आणलेल्या भांड्यासारखं:
जपून, कामापुरतं,
आणि लगेच परत.

तिसऱ्या वळणापाशी आधी वास आला,
लायनरचा, केस जळावेत तसा.
मग उजव्या खिडकीतून
एक ताडपत्री गेली, एक तांबडा दिवा,
आणि आवाजच नाही.
भरलेली गाडी,
मांजर पायऱ्या उतरतं तशी.

"न्यूट्रल," आप्पा म्हणाला,
आणि आमची गाडी आणखी हळू केली.
मला वाटत होतं, पळवावी, गाठावं तिला.
गाठून काय करणार होतो, कोण जाणे.

पुढची दोन वळणं कुणी बोललं नाही.
खाली कुठेतरी चाळीसगावचे दिवे असणार,
मी कान देऊन होतो
दरीतून काही येतं का.

ती उभी होती
डोंगराला अंग घासून.
एका बाजूचा पत्रा वांग्याच्या सालीसारखा सोललेला,
चाकं धुमसत,
आणि एक पोरगा पाण्याचा कॅन घेऊन
ड्रमवर ओतायला वाकलेला.

"पानी नको वतू! तडकी जाई!"
आप्पाचा तो आवाज मी तेव्हाच ऐकला,
आधी नाही, नंतर नाही.
मी न सांगता उड्या मारून चाकांखाली दगड सारले.
आप्पाने कॅन हातातून घेतला
आणि त्यातलं पाणी त्या पोरालाच पाजलं.

नाव पोपट, गाव पारोळा,
आणि त्याला बोलताच येईना.
दात वाजायचे थांबेस्तोवर आप्पा थांबला.
मग विचारलं, रागाने नाही,
दुकानदार उधारी विचारतो तसं:
"कितलं डिझेल वाचनं?"

पोरगा रडायला लागला.
"डोंगर धरा, दरी सोडी, ते बरं करं,"
म्हणत आप्पाने त्याच्या पाठीवरची माती झटकली,
आणि बराच वेळ झटकत राहिला,
माती निघून गेल्यावरही.

आता मी धुळ्याहून सुरतेला गाठी नेतो,
कोंडाईबारीतून.
रस्ता रुंद झालाय, उतार तेवढाच आहे.
शेजारी राजमल, साक्रीचा, मोबाईलमध्ये डोकं.
माथ्यावर मी गाडी बाजूला घेतो तेव्हा कंटाळून विचारतो,
"मामा, ब्रेक तर चांगले आहेत,
मग थांबायचं कशाला?"

चांगले आहेत तोवरच थांबता येतं, बाबा.
पण हे मला आप्पासारखं
एका शुद्ध वाक्यात बसवता येत नाही.
"टायर वाजव," म्हणतो.

तो उतरतो, ठण, ठण,
अर्धं लक्ष खिशातल्या फोनकडे.
सात टायर वाजतात.
आठव्याला थबकतो.
पुन्हा मारतो टॉमी.
बद्द.

मी विडी
परत कानावर ठेवतो.