जागच्या जागी

उद्यमनगरात, खाली लेथ, वर आमची खोली.
खालचा चक फिरला की टेबल थरथरतं
आणि पडद्यावरच्या घाटाच्या पायऱ्या
उगाच जिवंत वाटतात.

आम्ही एक गाव करतोय. नदी पंचगंगेसारखी,
नाव दुसरं. तालमीची तांबडी माती, दुधाचा कट्टा,
कट्ट्यावर म्हैस.
मोहसीन शिकलगार म्हणतो, म्हैस नुसती दिसू दे.
हात लावता आला की धार काढावी लागणार,
धार आली की चरवी, चरवीत दूध,
आणि दूध किती वाजता नासतं, ते कोण लिहिणार?
मी म्हशीपुढं लिहिलं: देखावा.

असं रोज. प्रत्येक वस्तूपुढं एक चौकट.
खूण केली तर ती हाताला लागते,
नाही केली तर भिंतीचाच भाग.
गदा: उचलता येते, वजन बारा.
गुळाची ढेप: वजन दहा, खाल्ली की अंगात जीव येतो.
देवळाची घंटा: वाजते, निघत नाही.
मेलेल्या बाईची जोडवी: विकता येतात.
इथं जरा थांबलो, मग केली खूण.
गावात एकशे चौदा दारं आहेत,
उघडतात नऊ.

चाळीसच्या वर भार गेला की आमचा वीर पाय ओढतो.
मोहसीनचे आजोबा धारेचं चाक खांद्यावर टाकून
गारगोटीपर्यंत जायचे.
किती वजन होतं रे, मी विचारलं, आकडा हवा होता.
म्हणाला, घरात कुणी केलंच नाही.

चहाच्या सुट्टीत आण्णासो लोहार वर आले.
चाळीस वर्षं लेथवर, बोटांच्या रेघांत ऑइल.
कंट्रोलर धरला मायक्रोमीटर धरावा तसा.
आम्ही वाट बघत होतो, राक्षसाकडं कधी वळतात.
ते शिरले लोहाराच्या खोपटात.
ऐरणीवरचा हातोडा उचलला, फिरवून दांडा बघितला,
म्हणाले, "ठेवायचा कसा ह्यो?"

ते बटण दाबा, मी म्हटलं. पडतो खाली.
हातोडा सुटला, जमिनीत अर्धा रुतला,
थरथरला, उंबऱ्यापर्यंत घरंगळला.

"टाकायचा न्हाई रं. ठेवायचा."

विकता येतोय, मोहसीन म्हणाला. मोडता येतोय.
फेकून मारता येतोय. चोरला तर लोहार बोंबलतोय.
"आणि ठिवला तर?"
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
ठेवणं लिहिलंच नव्हतं.

त्यांनी परत उचलला, ऐरणीपाशी नेला,
वाकायचं बटण शोधलं. नव्हतं.
टाकला. कलंडला. परत.
चहावर साय धरली.
"सकाळी आल्यावर हुडकायचा कुठं त्या लोहारानं?"
एवढं बोलून खाली गेले.

खाली त्यांच्या भिंतीवर फळी आहे,
तीवर प्रत्येक पान्याची सावली पिवळ्या रंगात.
एक सावली कित्येक वर्षं रिकामी.
कुणी नेलाय ते त्यांना ठाऊक आहे, सांगत नाहीत.
खंडेनवमीला बाकीच्यांसोबत
तिलाही हळदकुंकू लावतात, आणि रंगाचा एक हात.

रात्री अडीचला मोहसीन म्हणाला, भावा,
एका हातोड्यासाठी चार दिवस जातील.
सहा गेले.
आता ऐरणीजवळ नेला की एक फिकट आकार उमटतो,
हातोडा त्यात बसतो, आवाज होतो, ठक, एवढाच.
बक्षीस काय द्यायचं यावर भांडलो.
नाणी? ताकद? ती चौकट कोरीच ठेवली.

म्हैस अजून देखावाच आहे.
काल मात्र वीर जवळून गेला तेव्हा तिनं मान वळवली,
आम्ही लिहिलेलं नसताना.
चूक आहे, मोहसीन म्हणाला, उद्या काढतो.
आज तो बुधवार, गुरुवार करत बसलाय.